‘माहितीये’ हा शब्द महिनाभर बंद

वाचकांची पत्रं आणि त्यांना ताईंची उत्तरं

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं. संपादकांनी कापायला सांगितलं होतं, मी कापलेलं नाही.

पत्र पहिलं

ताई, सादर नमस्कार. मी मे महिन्यात बँकेतून निवृत्त झालो. वय ६०. घर स्वतःचं, मुलगी बंगळुरूला, प्रकृती ठीक, बीपीची एक गोळी. अडचण एकच, दिवस जात नाही. सकाळी फिरणं, पेपर, जेवण, झोप, टीव्ही. मुलगी फोनवर सारखी म्हणते, ‘बाबा, काहीतरी नवीन करा.’ म्हणून पेटीच्या क्लासला गेलो. तीन आठवड्यांत सोडला, कारण बोटं वळत नाहीत आणि माझ्याबरोबर लागलेली नऊ वर्षांची मुलगी बघता बघता पुढे निघून गेली. ट्रेकिंगचे बूट आणले, ते खोक्यात आहेत. जन्म पुण्यातला. शनिवारवाड्यापासून सिंहगडापर्यंत सगळं पाहून झालंय. या गावात नवीन बघण्यासारखं मला तरी काही उरलेलं दिसत नाही. काय करावं?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर

बिबवेवाडीकर, फडके हौद चौकातून तुम्ही आजवर किती वेळा गेला असाल? पाचशे? हजार? मग मला सांगा, तिथला हौद कुठे आहे?

उत्तर मी देणार नाही. तिथे जाऊन विचारा, आणि एकाला विचारून थांबू नका. मी विचारलं होतं तेव्हा तिघांनी तीन दिशांना बोटं दाखवली होती. तिघांचा आवाज अगदी ठाम होता.

‘सगळं पाहून झालंय’ हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे, कारण ते माझंच होतं. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर दख्खनच्या पठाराचा नकाशा काढायचा आणि सांगायचं की हा सगळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, आणि त्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत मागाहून पाणी झिरपून दुय्यम खनिजं तयार झाली. मुलं लिहून घ्यायची. मीही वर्गाबाहेर पडले की विसरून जायचे.

निवृत्त झाले त्या वर्षी दुपारी गल्लीत हाक आली, ‘टाक्कीऽऽ लावायची का टाक्की’. माझ्या सासूबाईंचा पाटा गुळगुळीत झाला होता, म्हणून त्या बाईंना जिन्याखाली बसवलं. त्यांनी पाट्यावर पाणी शिंपडलं, तो आडवा धरून उजेडात बघितला आणि छिन्नीनं टक टक सुरू केलं. ओळीनं बारीक खड्डे पडत होते, दगडाचा पांढरा भुगा उडत होता, आणि एका कोपऱ्याशी येऊन त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, ‘बाई, ह्या टोकावर चटणी वाटू नका. गार हाये. दाताखाली यील.’

मी म्हटलं, ‘माहितीये.’

सवयीनं म्हटलं हो. शिक्षकाच्या तोंडात तो शब्द बसलेलाच असतो. त्या बाईंनी मान वर केली. ‘काय माहिती हाये? सांगा बरं, गार दगडात शिरती कशी?’ खरंच कुतूहलानं विचारत होत्या, मला कोंडीत पकडायला नाही. आणि मी तिथे जिन्याखाली मांडी घालून गप्प. मग त्यांनीच सांगितलं, ‘दगडाच्या पोटात भोकं असत्यात, त्यात पांढरं भरतं. आमचा म्हातारा म्हणायचा, पाणी भरतं.’ ‘पोकळ्यांत दुय्यम खनिजे’ हे शब्द मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिले होते, आणि ज्या पाट्यावर रोज लसूण वाटत होते त्याच्या कोपऱ्याशी ते कधी नेऊन लावले नव्हते. तो पांढरा ठिपका हरभऱ्याएवढा होता. नखानं खरवडून पाहिला, त्याला बारीक चकाकी होती.

त्यानंतर मी पिसाटल्यासारखी झाले. आमच्या इमारतीच्या कुंपणाच्या भिंतीत, देवळाच्या पायऱ्यांत, पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना खाली वाकून वाकून, सगळीकडे पांढऱ्या गारा. लोकांना वाटायचं माझं काहीतरी पडलंय. विचारत विचारत गेले तेव्हा कळलं की नगर रस्त्यावरच्या आपल्या वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हन्साइट नावाचं निळं खनिज सापडतं आणि जगभरचे स्फटिक जमवणारे लोक वाघोली हे नाव त्यासाठी ओळखतात. वाघोली! आपल्याला ती ट्रॅफिकसाठी माहीत. मग सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात जाऊन ते पाहून आले. पांढऱ्या स्फटिकांवर निळ्या सुयांचे गोंडे बसलेले. मोरचुदाची आठवण होते, पण मोरचूद त्याच्यापुढे फिका. काचेसमोर मी इतका वेळ उभी राहिले की बरोबरची भाची बाहेर जाऊन चहा पिऊन आली.

हे सगळं सांगितलं ते तुम्ही दगड गोळा करावेत म्हणून नाही. तुमच्या पत्रात ‘नवीन’ हा शब्द आहे, आणि तो आला की आपण लगेच दुकानात जातो. बूट, क्लासची फी, पेटी भाड्यानं. मला वाटतं तुमची अडचण नवीन गोष्ट सापडत नाही ही नाही. तुम्ही जुन्या गोष्टींना ‘माहितीये’ म्हणून टाकलंय. आपल्या गावाचा हा खास रोग आहे. ‘मला ठाऊक नाही’ असं पुण्यात माणूस फक्त इन्कम टॅक्सवाल्यांपुढे म्हणतो.

तर बूट खोक्यात राहू द्या, चपला पुरतील. सुरुवात तुमच्याच बाजूनं करता येईल. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगड-चुन्याच्या बंदिस्त नळातून जमिनीखालून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांत आणलं. पंप नाही, काही नाही, नुसत्या उतारावर. तो नळ तुमच्या शेजारच्या धनकवडी-पद्मावतीच्या बाजूनं येतो. वाटेत जागोजागी त्याला ‘उच्छ्वास’ ठेवलेले होते, म्हणजे हवा जायला आणि माणूस आत उतरून गाळ काढायला वर उघडणारी दगडी तोंडं. काय शब्द आहे! पाण्याला श्वास सोडायला जागा. यातला एक तरी तुम्ही शोधून काढा. पेपरात, मोबाइलवर नको, माणसांना विचारून. म्हाताऱ्या वॉचमनला, जुन्या वाड्यातल्या आजींना, रस्ता खोदणाऱ्या पोरांना. खोदणाऱ्यांना जमिनीखालचं जेवढं माहीत असतं तेवढं कुणालाच नसतं, आणि त्यांना कुणी विचारत नाही.

आणखी एक. खडकवासल्याहून निघालेला कालवा पर्वतीच्या पायथ्यापासून स्वारगेट, हडपसर करत गावातून जातो. तुम्ही त्याच्यावरच्या पुलावरून बँकेत जात होतात की नाही? ते पाणी पुढे कुणाच्या उसाला जातं, कधी सोडतात, कधी बंद करतात, कोण चाक फिरवतं? इंदापूरकडचा कुणी भेटला तर त्याला विचारा. त्याच्यासाठी तो गटाराशेजारचा कालवा नसतो, वर्षाचं पीक असतं.

केळकर संग्रहालय तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलं असणार. मस्तानी महाल बघितला, वहीत लिहिलं, डबा खाल्ला. परत जा, आणि या वेळी महाल सोडून अडकित्त्यांपाशी थांबा. दिनकर केळकर हे चष्म्यांच्या व्यवसायातले गृहस्थ, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली, मुलगा राजा लहानपणी गेला त्याच्या नावानं संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. वीस हजारांवर वस्तू, आणि त्यातल्या कितीतरी अशा की ज्या लोकांच्या घरात माळ्यावर पडून होत्या: दिवे, कुलपं, फण्या, भांडी. लोकांना त्या ‘माहीत’ होत्या. एका अडकित्त्यापुढे दहा मिनिटं उभं राहून बघा. सुपारी कातरायला एवढी नक्षी का, हा प्रश्न तुम्हाला पडला तर मला पत्र लिहा, मलाही तो अजून सुटलेला नाही.

आता पेटीबद्दल. क्लास तुम्ही बोटांमुळे सोडला नाहीत, त्या नऊ वर्षांच्या मुलीमुळे सोडलात. राग मानू नका. मी बासष्टाव्या वर्षी मोडी शिकायला गेले तेव्हा माझ्या शेजारी कॉलेजातला एक मुलगा बसायचा, कानात बाळी, आणि तो माझ्या आधी ओळ वाचून मोकळा व्हायचा. मोडीत हात न उचलता लिहीत जायचं असतं, त्यामुळे अक्षरं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसतात. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं तेच कळत नाही. पहिला महिना मी घरी येऊन नवऱ्यावर चिडायचे. मग एके दिवशी त्या मुलाला सरळ विचारलं, ‘तुला कसं दिसतं रे?’ तो म्हणाला, ‘आजी, मी अक्षर बघतच नाही, हात कुठून कुठे गेला असेल ते बघतो.’ त्या वाक्यानं माझं काम झालं. आमच्या माहेरच्या ट्रंकेत एक मोडी कागद होता. घरात तीन पिढ्या समजूत होती की ती इनामाची सनद आहे. मी वाचला. पणजोबांची तक्रार निघाली: शेजाऱ्याच्या पन्हळीचं पाणी आमच्या अंगणात पडतं, तरी बंदोबस्त व्हावा. माहेरी अजून माझ्याशी थोडे तुटक वागतात.

तेव्हा परत जा क्लासला, आणि त्या मुलीलाच विचारा की तिचा अंगठा खालून कसा जातो. नऊ वर्षांच्या माणसाला असं कुणी विचारत नाही. बघा किती खुलेल.

महिनाभर ‘माहितीये’ हा शब्द बंद. बँकेची एखादी जुनी डायरी असेलच, तिच्यात रोज एक ओळ: आज कुणाला काय विचारलं आणि काय कळलं. काही जण फटकारतील, तेही लिहा. मला एका किल्ली बनवणाऱ्यानं सांगितलं होतं, ‘चोरी करायची आहे का काकू?’ त्यानं नंतर दाखवलं मात्र, कुलपात आत पाच खिट्ट्या कशा वरखाली होतात ते.

पत्र दुसरं

ताई, चौकस असावं असं सगळे म्हणतात, पण आमच्या सासूबाई फारच चौकस आहेत. लिफ्टमध्ये नवीन भाडेकरू भेटला की भाडं किती, पगार किती, लग्न झालं का, मूल का नाही. लोक आता जिन्यानं जायला लागलेत. त्यांना कसं समजवावं?
– एक सून, कोथरूड

उत्तर

समजावू नका, प्रश्न बदलून द्या. सासूबाईंची भूक खरी आहे, ताटात पडतंय तेच चुकीचं.

आमच्या वाड्यात एक गृहस्थ होते, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात कामाला. तीस वर्षं आख्ख्या वाड्यानं त्यांना दोनच गोष्टी विचारल्या: उद्या पाऊस पडेल का, आणि पडला नाही की ‘काय हो तुमचं खातं!’ ते बिचारे हसायचे. एकदा मी विचारलं की पुण्यातल्या ऑफिसला सिमला का म्हणतात. तर म्हणाले, हवामान खात्याचं मुख्य ऑफिस सिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्याला हललं, ते नाव चिकटलं. आणि मग दीड तास ते फुगा सोडण्याबद्दल बोलत होते. हायड्रोजन भरलेला फुगा, खाली लोंबणारं यंत्र, वर वर जाताना हवा विरळ होते तसा फुगा मोठा मोठा होत शेवटी फुटतो. त्यांच्या बायकोनं दारातून ऐकलं. नंतर मला म्हणाली, मला हे कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलंत?

पगार किती हे विचारलं की माणूस दार लावून घेतो. काम नेमकं काय करता हे विचारलं की लिफ्ट आली तरी आत शिरत नाही. सासूबाईंना एवढंच सांगा की त्या नवीन भाडेकरूला त्याच्या गावाकडे या दिवसांत काय पेरतात ते विचारा. मूल का नाही, हा प्रश्न मात्र कडक बंद. तिथे गोड बोलायची गरज नाही. तुम्ही सून आहात, एवढा अधिकार तुम्हाला आहे.

पत्र तिसरं

ताई, मी मूळची लातूर जिल्ह्यातली. हिंजवडीत नोकरी लागून आठ महिने झाले. वाकडला तिघी मिळून राहतो. ऑफिसमधल्या मुली दर शनिवारी नवीन कॅफे, नवीन काहीतरी ‘एक्सप्लोअर’ करायला जातात. मला तेवढे पैसे घालवणं परवडत नाही, घरी पाठवायचे असतात. आणि मी ‘जेवण करायलेय’ म्हटलं की सगळ्या हसतात, म्हणून मी आता कमीच बोलते. रविवारी रूमवर झोपून असते. नवीन शहरात आले पण नवीन काहीच बघितलं नाही, असं वाटतं.
– एक मुलगी, वाकड

उत्तर

तुला ‘तू’च म्हणते, माझी भाची तुझ्या वयाची आहे.

आधी त्या हसण्याचं. ‘करायलेय’ या एका शब्दात काम चालू आहे, अजून संपलेलं नाही, मी त्यात आहे, हे सगळं येतं. आमच्याकडे त्यालाच ‘करतेय’ म्हणतात. पुढच्या वेळी हसल्या की उलट विचार: तुमच्या घरी आजी कसं बोलते? त्यातली एक कोकणातली निघेल, एक खानदेशातली, आणि दोघी पुण्यात आल्यावर आपली बोली कपाटात ठेवून आलेल्या असतील. हे मी एकतीस वर्षं वर्गात बघितलंय. पुण्याचं म्हणून जे मराठी ऐकू येतं, ते अर्धं लोकांनी दडपून बोललेलं असतं.

रविवारी सकाळी मंडईत जा. आता मेट्रो थेट मंडईच्या खाली येते. महात्मा फुले मंडईची ही दगडी, अष्टकोनी इमारत १८८६ मध्ये सुरू झाली. आत शिरून आधी मान वर करून छत बघ, मग बाहेर पालेभाज्यांच्या बायका बसतात तिकडे. ओळखू न येणारी एक जुडी शोध. चंदनबटवा असेल, चाकवत असेल, पावसाळा असेल तर टाकळा. आणि विचार, ‘मावशी, ही कशी करायची?’ मला एका मावशींनी चंदनबटव्याची अख्खी कृती सांगितली होती, ताक कधी घालायचं, दाणे किती, फोडणी वरून की खालून. मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत होती. त्यातली एक म्हणाली, फोडणी वरूनच. दुसरी म्हणाली, छे. त्या दोघींचं भांडण सोडवून मी घरी आले. जुडी एका कॉफीच्या मानानं काहीच नाही गं, आणि तिघींचं जेवण होतं.

मग कधी तरी युनिव्हर्सिटीच्या आवारातल्या आयुकात, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात जा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी सगळ्यांना आत सोडतात. तिथल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. माझ्या वर्गातल्या मुलांना मी नेलं होतं तेव्हा एकानं तिथल्या शास्त्रज्ञांना विचारलं, ‘तुम्हाला रात्री भीती वाटते का, एवढं मोठं आकाश बघून?’ बाकीची पोरं हसली. शास्त्रज्ञ हसले नाहीत. खुर्ची ओढून त्या मुलासमोर बसले.

कॅफेत जायचं झालं तर एखाद्या शनिवारी जाही, सगळ्यांत स्वस्त काय ते मागव, लाजू नकोस. पण दरवेळी तूच त्यांच्या मागे का जावं? त्यांना तुझ्यामागे येऊ दे. मार्गशीर्षातली अमावास्या आली की तुमच्याकडे येळवस. शेतात कडब्याची कोप करतात, पाच पांडव मांडतात, सगळं गाव रानात जेवायला जातं. पुण्यात बहुतेकांनी हा शब्दसुद्धा ऐकलेला नसतो. रूमवर एका पातेल्यात भज्जी कर, आंबील कर आणि त्या हसणाऱ्यांना बोलाव.

आणि आता माझा प्रश्न. तुमच्या लातूरच्या एका बाईंनी मला सांगितलं की भज्जीत ताक आणि बेसन, आणि हिरव्या तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे. दुसरीनं सांगितलं की तिच्या घरी मेथी पडते आणि चिंचही. मी दोनदा करून बघितली. पहिल्यांदा पिठल्यासारखी झाली, दुसऱ्यांदा कढीसारखी. शेतात ती मोठ्या भांड्यात करतात तेव्हा बेसन आधी ताकात कालवतात का दाणे शिजल्यावर वरून लावतात? तुझ्या आईला फोन करून विचार आणि मला कळव. अंदाजानं नको, ती हातानं कसं करते ते.